राखेपाशी खुर्ची

"हे हात नाही चालणार," दिग्दर्शक कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाले. "चांगदेव, दुसरे हात बघ."

वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेकडं उतरणाऱ्या एका मळ्यात सकाळपासून शूटिंग चाललं होतं. खताच्या जाहिरातीची दीड मिनिटाची फिल्म होती. थिएटरात सिनेमा सुरू होण्याआधी दाखवायची. मुंबईहून एक मुलगी आणली होती, ती शेतकरीण झाली होती. पण शेवटी ओंजळीतून गहू सांडतो, त्या शॉटला तिचे हात फार नाजूक दिसले असते. म्हणून मळ्याची मालकीण जाईबाई, तिचे हात घ्यायचे असं आदल्या दिवशी ठरलं होतं. ते सुचवलं होतं चांगदेवनंच. जाहिरात कंपनीत तो सहायक होता आणि गावाकडची माणसं जमवायचं काम नेहमी त्याच्याकडंच यायचं, कारण तो दौंडचा.

जाईबाई बांधावरच्या सावलीला बसली होती. कॅमेऱ्यातून आपले हात दुरूनच पाहून झालेत, हे तिला ठाऊक नव्हतं. दोन्ही हात तिनं पुढं अधांतरी धरले होते, मेंदी ओली असावी तसे. पहाटे उठून विटकरीच्या तुकड्यानं आणि चिंचेनं तिनं ते घासले होते. भेगांत मुरलेली काळी रेघ तरी गेली नव्हती.

"आली का माझी पाळी, सायेब?" तिनं विचारलं. "सकाळपून भाकर बी खाल्ली न्हाई. हाताला कोरड्यास लागंल म्हनून."

चांगदेवला खरं सांगवेना. "मावशी, ऊन फिरलं आता. राहू द्या म्हणालेत."

जाईबाईनं मान वर करून आभाळाकडं पाहिलं. "ऊन तर हितंच हाय," ती म्हणाली. "बरं," म्हणून उठली, खोपीच्या कुडाला खोचलेलं खुरपं काढलं आणि वाफ्याकडं गेली.

शॉट शेवटी मुंबईच्या मुलीच्याच हातांवर झाला. वर थोडा तपकिरी रंग लावून.

चांगदेवनं त्याच दिवशी नोकरी सोडली, असं पुढं त्याचे मित्र सांगायचे. ते खरं नव्हतं. त्यानंतर तो दोन वर्षं त्याच कंपनीत होता. साबण झाला, बिस्किटं झाली, सायकली झाल्या. पगार वाढला. दर महिन्याला तो दौंडला आईला मनीऑर्डर करत होता. फक्त एकदा कामानिमित्त शिरूरला मुक्काम पडला आणि वेळ जावा म्हणून तो तिथल्या तंबूतल्या सिनेमाला गेला. पडद्यावर त्यांचीच खताची फिल्म लागली. ओंजळीतून गहू सांडायला लागला, तशी मागच्या ओळीतली कुणीशी बाई शेजारणीला म्हणाली, "हिनं जल्मात खुरपं धरलं न्हाई." दोघी हसल्या आणि मुख्य सिनेमाची वाट बघत शेंगा खात राहिल्या. चांगदेवला आपल्या पाठीत कुणी तरी धपाटा घातल्यासारखं झालं. इतक्या मेहनतीनं केलेलं खोटं त्या बाईनं शेंग फोडता फोडता ओळखलं होतं.

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्यानं राजीनामा दिला. आपली स्वतःची एक फिल्म करायची, कुणाचा माल विकण्यासाठी नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. विषय शोधावा लागला नाही. तो त्याच्यासोबतच वाढला होता.

दौंडला इंजिनांच्या शेडमागं, तारेच्या कुंपणाबाहेर राखेचे ढीग होते. इंजिनांच्या पोटातली राख ट्रॉल्यांतून येऊन तिथं पडायची आणि बाया ती चाळून त्यातला अर्धा जळालेला कोळसा वेचायच्या. राख पुष्कळदा आतून धगधगत असे. पायाला गोणपाट गुंडाळून बाया तिच्यात उतरायच्या. वेचलेला कोळसा चहाच्या हॉटेलांना आणि लोहारांना जायचा. चांगदेवचा बाप मालधक्क्यावर हमाल होता. चांगदेव सहा वर्षांचा असताना तो वारला. तेव्हापासून अठरा वर्षं त्याची आई अनसाबाई ती राख चाळत होती. चांगदेवची शाळा, पुण्यातला चित्रकलेचा डिप्लोमा, पहिल्या मुलाखतीची पँट, सगळं त्या ढिगातून निघालं होतं. त्याला नोकरी लागली त्या महिन्यात अनसाबाईनं चाळण तिच्याबरोबर राख चाळणाऱ्या रंभाला देऊन टाकली आणि पुन्हा त्या बाजूला पाऊल टाकलं नाही. आता ती वस्तीतल्या विहारात पुढच्या रांगेत बसायची. पौर्णिमेला पांढरंशुभ्र लुगडं नेसायची. नव्यानं आलेल्या सुनाबाळांना ती पूर्वी काय करायची हे माहीतही नव्हतं.

फेब्रुवारीत चांगदेव आला तो एका मित्राचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन. कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी भरली की पंचवीसेक सेकंद चालायचा, मग परत भरायची. फिल्मची आठ रिळं होती आणि कॅमेरा सहा दिवसांनी परत द्यायचा होता.

"कंपनीनं धाडलं व्हय?" अनसाबाईनं विचारलं.

"कंपनी सोडली, आई."

ती चुलीपाशी बसली होती, ती तशीच राहिली. "मग हे कशाचं?"

"माझं स्वतःचं. राख चाळणाऱ्या बायांवर फिल्म करतोय."

अनसाबाईनं ताटात भाकरी वाढली, कालवण वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. त्याचं जेवण होईपर्यंत ती दाराकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "माझं नाव न्हाई यायचं त्यात. आन् मी बी न्हाई यायची."

दुसऱ्या दिवशी चांगदेव ढिगावर गेला. जुन्या बायांपैकी रंभाच तेवढी उरली होती. बाकी नव्या होत्या. रंभा आईच्याच वयाची. तिच्या मुलांनी तिला विचारलं नाही, म्हणून ती अजून पाटी घेऊन येत होती. कॅमेरा बघून ती खुदखुदली.

"माजा फोटू? आरं, माज्या थोबाडात काय ऱ्हायलंय?"

"तुम्ही तुमचं काम करा, मावशी. माझ्याकडं बघू नका."

रंभा कामाला लागली. ट्रॉली रिकामी झाली, धुरळ्याचा लोट उठला आणि त्यातून एकेक आकृती काळी होऊन बाहेर आली. चांगदेव गुडघ्यांवर बसून चावी भरत होता, चालवत होता, पुन्हा भरत होता. रंभाचं राखेनं माखलेलं तोंड, त्यातले लाल डोळे. गोणपाटातून दिसणारी चिरलेली टाच. वाकलेल्या पाठींची रांग आणि मागून जाणारं इंजिन. सात वर्षं चकचकीत वस्तू टिपल्यावर असं काही आपण टिपतो आहोत, याचा त्याला आनंद होत होता. दिवसभरात तीन रिळं संपली.

तिसऱ्या दिवशी रंभा आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. बाकीच्या बायांनी कॅमेरा दिसताच तोंडावर पदर ओढून घेतले. चांगदेव रंभाच्या घरी गेला, तेव्हा ती दारात उभी राहून इकडंतिकडं बघत म्हणाली, "तुज्या आईला इचार, बाबा. आमी अनसाक्काच्या शब्दाबाहीर न्हाई."

तो तणतणत घरी आला. अनसाबाई अंगणात दाणे पाखडत होती.

"तू त्यांना सांगितलंस?"

"व्हय."

"का? सात वर्षं मी खोट्या बायका दाखवल्या, आई. आता कुठं खरं दाखवायला लागलो तर तूच आडवी येतेस?"

अनसाबाईनं सूप खाली ठेवलं. "तुज्या त्या साबनाच्या फिल्ममदली बाई म्या बगितली हुती. हितल्या टॉकीजला. कशी निस्ती लखलखीत. तवा पैसं घिऊन तू परक्या बाईला उजळ केलीस. आन् आता पदरचं घालून आपल्या बायांना काळं फासतोस व्हय रं?"

"मी फासत नाही. ती राख आहेच तिथं."

"हाय ना. पर रंभा राखंत असती किती? सकाळी उतरती, दुपारी वर येती. मग नळावर जाती, अंग धुती, केस इंचरती. सांजच्याला विहारात येती. तिचा गळा किती ग्वाड हाय, ठाव हाय तुला? ते खरं न्हाई का? तुला खरं म्हंजी निस्तं कळकट लागतंय." तिचा आवाज चढला नव्हता. "म्या अठरा वर्सं राख चाळली. पर म्या राख न्हवते. तुला शाळंत सोडाया यायचे तवा कवा अंगावर राखंचा कण दिसला का? सांग."

चांगदेवला आठवलं. पहाटे शेडवर जाऊन आलेली आई साडेदहाला शाळेच्या फाटकाशी स्वच्छ तोंडानं, चापूनचोपून नेसून उभी असायची. एकदाही तिच्या पदराला डाग नव्हता. इतर मुलांच्या आयांपेक्षा ती वेगळी दिसत नव्हती. शेडवरून परतून शाळेला निघेपर्यंतच्या अर्ध्या तासात ती अंग कुठं, कशी धूत असेल, हा विचार त्याला आजवर सुचला नव्हता.

तो बाहेर पडला आणि भीमेवरच्या पुलापर्यंत चालत गेला. तिन्ही रिळांत काय आहे ते एकेक शॉट आठवून पाहिलं. पाठी, टाचा, डोळे. एकीचंही नाव त्यात नव्हतं. रंभा त्याच्या जन्मापासून त्याला ओळखत होती, आणि त्यानं तिच्याकडून फक्त राख उचलली होती.

पाचव्या दिवशी सकाळी तो कॅमेरा न घेता रंभाकडं गेला. तिच्या ओट्यावर बसला, तिनं दिलेला चहा प्याला. "मावशी, तुम्ही नळावर जाता, केस विंचरता, गाणं म्हणता, ते सगळं मला घ्यायचंय. नाव घालून. राख पण घेईन, पण तेवढीच नाही." रंभानं त्याच्या हातातली रिकामी कपबशी घेतली. मग म्हणाली, "मंग नवी चोळी काडते. जरा दम धर."

त्या दिवशी दोन रिळं झाली. रंभानं गंगावण लावून अंबाडा घातला, आरशात बघून कुंकवाविना मोकळं कपाळ पुसलं, आणि टेपरेकॉर्डरसमोर बसून सबंध गाणं म्हटलं. बाकीच्या बाया कुडाआडून बघत होत्या. दुपारी त्यांतल्या दोघी स्वतःहून पुढं आल्या आणि आपली पूर्ण नावं सांगून गेल्या: धुरपदा बन्सी साळवे, बानूबाई म्हाळू कोळपे. बानूबाईचं सासर कवठे येमाईकडचं, मेंढरं विकून दौंडला आलेलं. तिनं नवऱ्याच्या आधी आपल्या बापाचंही नाव सांगितलं. "त्यो बी घाल," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी कॅमेरा परत द्यायचा होता. चांगदेव सामान आवरत होता, तेव्हा अनसाबाई आतून आली. पौर्णिमेचं पांढरं लुगडं, पायांत चपला, केस तेल लावून बसवलेले.

"किती ऱ्हायलीत तुजी ती रिळं?"

"तीन."

"मला एक पुरं हुईल का?"

त्यानं आवरलेला कॅमेरा पुन्हा बाहेर काढला.

"राखंपशी येते," ती म्हणाली. "पर वाकायची न्हाई. अठरा वर्सं वाकले. आज बसते."

शेडसमोरच्या हॉटेलवाल्याकडून रंभानं लाकडी खुर्ची आणली. ढिगाच्या कडेला, राख संपून माती लागते तिथं ती मांडली. अनसाबाई बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. मागं बाया राख चाळत होत्या. त्या मधूनच थांबून तिच्याकडं बघत.

"काय बोलू?"

"तुला वाटेल ते. नाहीतर नको बोलूस."

"माजं नाव अनसाबाई सखाराम ओहोळ," ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली. "म्या हितं अठरा वर्सं काम केलं. चोरी केली न्हाई, भीक मागितली न्हाई. राख कुनाचीच न्हवती, म्हनून घेतली." एवढ्यावर ती थांबली. चावी संपली. चांगदेवनं ती भरेपर्यंत ती तशीच हालचाल न करता थांबली. पुन्हा कॅमेरा सुरू झाला, पण ती बोलली नाही, नुसती बघत राहिली. असं सहा वेळा झालं. शेवटच्या वेळी कॅमेऱ्याची घरघर मंद झाल्यासारखी वाटली आणि तिनं विचारलं, "झालं?" चांगदेवनं मान हलवली. ती उठली, खुर्ची स्वतः उचलली आणि हॉटेलात परत देऊन घरी गेली.

फिल्म धुऊन आल्यावर पुण्यात मच्छिंद्रच्या खोलीत दोघं ती बघायला बसले. मच्छिंद्र भांडगावचा, एका स्टुडिओत संकलकाच्या हाताखाली काम करायचा आणि सुटीच्या दिवशी मित्रांची कामं फुकट करून द्यायचा. संकलनाच्या टेबलावरच्या वितभर पडद्यावर अनसाबाई बसली होती. तिनं "झालं?" असं विचारलं. चांगदेवला वाटलं होतं की तिथं चावी संपली, पण ती संपली नव्हती. तिचे ओठ मिटले, पाठ सैल झाली. तिनं मान वळवून मागच्या ढिगाकडं पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. कुणी तरी आपलं माणूस स्मशानात ठेवून निघताना मागं वळून बघावं, तसं ते बघणं होतं. मग पडदा पांढरा झाला.

मच्छिंद्रनं ते परत फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं. "चांगदेव," तो म्हणाला, "समदी फिल्म एका बाजूला आन् हे चार सेकंद एका बाजूला. दिल्लीच्या फिल्म महोत्सवाला पाठव ही. नक्की घेत्यात."

चांगदेवलाही ते दिसत होतं. पण त्या चार सेकंदांत कॅमेरा चालू आहे हे आईला माहीत नव्हतं, हेही दिसत होतं. पुढच्या रविवारी तो तिला पॅसेंजरनं पुण्याला घेऊन आला.

अनसाबाई टेबलाशी स्टुलावर बसून सगळं बघत गेली. रंभाच्या गाण्याला तिनं मान हलवली. बानूबाईच्या बापाचं नाव आलं तेव्हा हसली. शेवटी ती स्वतः आली, आणि ते चार सेकंद आले.

"हे कवाचं?"

"तू झालं का विचारलंस, त्यानंतरचं. मला वाटलं चावी संपली."

"म्हंजी मला ठाव न्हवतं."

"नव्हतं."

"मग ते काढ."

मच्छिंद्र पुढं वाकला. "आक्का, आवो, ह्यातच तर समदं हाय."

"व्हय," अनसाबाई म्हणाली. "म्हनूनच."

कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म तीच. निगेटिव्ह नव्हती, दुसरी प्रत काढलेली नव्हती. एकदा कापलं की परत जोडलं तरी तो सांधा राहणार होता. मच्छिंद्रनं हात मागं घेतले. चांगदेवनं कातरी उचलली, जागा नीट पाहिली आणि कापलं.

चौदा मिनिटांची ती फिल्म त्यानं दिल्लीला पाठवली. दोन महिन्यांनी ती परत आली. पुण्यात तीस-बत्तीस लोकांनी पाहिली. एकानं विचारलं की खुर्चीवरची बाई इतका वेळ नुसती का बसली आहे, शेवटी काही घडतच नाही. चांगदेव म्हणाला, "तिनं तेवढंच दिलं."

मे महिन्यात दौंडला विहाराच्या अंगणात चादर बांधून त्यानं ती दाखवली. ओट्यावर, कुडावर, नळाच्या कट्ट्यावर माणसं बसली. रंभानं स्वतःला पाहून तोंडावर हात घेतला, आणि एकेक नाव पडद्यावर आलं तशी वस्तीनं ती मोठ्यानं वाचली. बानूबाईच्या बापाला वस्तीत कुणी पाहिलं नव्हतं, त्याचंही नाव वाचलं. खुर्चीवर अनसाबाई आली तेव्हा सगळे गप्प झाले. ती "झालं?" म्हणाली, फिल्म जराशी दचकली आणि संपली. तो दचका फक्त चांगदेवला दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघायच्या तयारीत होता. एका शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा त्याला मिळाली होती. सुट्ट्यांत पुढची फिल्म करायची होती, तिचा विषयही डोक्यात होता. अनसाबाईनं चहा ठेवला.

"ते काढलंस ते कुठं हाय?" तिनं एकाएकी विचारलं.

त्यानं वहीतून पातळ कागदाची पुडी काढली. त्यात दीडेक हात लांब पट्टी होती. ती कडेनं कशी धरायची ते त्यानं तिला दाखवलं. अनसाबाई दारात गेली आणि तिनं ती उजेडावर धरली.

"ह्या समद्या मीच?"

"तूच."

"किती हायत?"

"शंभराला चार कमी."

ती वरून खाली बघत गेली. नखाएवढी चित्रं तिच्या बोटांतून हळूहळू सरकत होती. मध्येच ती थांबली. "हितं पदर लागला बग डोळ्याला," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढं सरकली. शेवटच्या चित्रापर्यंत जाऊन ती परत मागं आली. आत चहा उतू गेला, तरी तिनं मान वळवली नाही. चांगदेवही उठला नाही.

मग तिनं पट्टी बोटाभोवती गुंडाळली, कमरेचा बटवा काढला, सुपारीच्या कप्प्यात ती ठेवली आणि बटव्याची दोरी ओढली. आत येऊन तिनं चूल मंद केली आणि फडक्यानं सांडलेला चहा पुसून घेतला.